बद्द वाजणारी बॅट

४ मार्च

हिशेब आधी, बाकीचं नंतर.

पातं, म्हणजे बॅटीचं नुसतं लाकूड, आत कार्बनच्या दोन जाळ्या: नऊ हजार आठशे. त्यावर चिकटवायचे दोन रबर, एक लाल, एक काळा: सात हजार. घरी सांगितलेली किंमत: अठराशे. म्हणजे या बॅटीत पंधरा हजारांचं खोटं आहे आणि ते मला मुठीत धरून खेळायचंय.

दुकानदार माझ्या लेकीपेक्षा लहान. पहिला प्रश्न, "काका, तुमची स्टाइल कोणती?"

मी म्हणालो, "जिंकायची."

"म्हणजे अटॅकिंग," म्हणाला आणि त्याने सरळ वरच्या फळीवरची पेटी काढली. माझा एक फटका न बघता. पुढे त्याने विचारलं, मऊ की कडक. मी म्हणालो, कडक, साखर कमी. तो गालातल्या गालात हसला. चहा आला नाही, स्पंज कडक आला. रबराच्या खाली स्पंज असतो आणि तो मऊ की कडक, हे तो विचारत होता म्हणे. दुकानात पंखा गरगरत होता, हा ओठांत बोलत होता, चूक कोणाची?

सगळ्यात वाईट म्हणजे पैसे देताना मी मान डोलावली. न कळता डोलावलेली ती मान मी अठ्ठावीस वर्षं गल्ल्याच्या अलीकडून बघत आलोय. प्लायवूड घ्यायला येणारं गिऱ्हाईक तशी डोलावतं. आज ती माझ्या मानेवर होती. स्वतःचीच शिसारी आली.

६ मार्च

हा खटाटोप कशासाठी, तेही लिहून ठेवायला हवं.

आमच्या इथल्या कारखान्यांची दरवर्षी टेबल टेनिसची स्पर्धा असते. फक्त दुहेरी, आणि जोडीत एक मालक, एक कामगार, हा नियमच. माझ्या जोडीला मिस्त्री. पत्र्याच्या शेडमध्ये प्लायवूड दाबायची एक प्रेस घेऊन मी सुरुवात केली तेव्हा आम्ही दोघंच होतो. गेली चार वर्षं आम्ही पलीकडच्या रंगाच्या कारखान्याकडून हरतोय. तो रंगवाला माझा दोस्त आहे, हे आणखी वाईट. शत्रूला निदान चहा पाजावा लागत नाही.

त्याचा टोमणाही दरवर्षी तोच. आमच्या माहितीपत्रकावर मी छापून घेतलंय: 'प्रत्येक बोर्ड मालकांच्या कानाखालून जातो.' अर्थ सरळ आहे. बोर्ड हाताच्या बोटांनी ठोकायचा, भरीव असेल तर टणक वाजतो, आत थर सुटलेले असतील तर बद्द वाजतो. अठ्ठावीस वर्षांत एकाही बद्द बोर्डाने माझ्या कानाला फसवलेलं नाही, हे मी कुठल्याही सभेत उभा राहून सांगतो आणि सांगितलंय. रंगवाला म्हणतो, "म्हणजे आधी त्याला कानाखाली देतोस आणि मग विकतोस?"

यंदा त्याला ही बॅट दाखवायची आहे.

७ मार्च

पातं आणि रबर वेगळे आणले होते. दुकानदार म्हणाला होता, फुकट चिकटवून देतो. मला. ज्याने आयुष्यभर लाकडावर लाकूड चिकटवून घर बांधलं, लेकीला शिकवलं, त्याला.

दुपारी मिस्त्रीला बोलावलं. आमचाच गोंद लावला. मिस्त्रीने रबर अंगठ्याने दाबून पाहिला.

"मालक, हे मऊ आहे. हातानेच दाबूया."

"मिस्त्री, हाताने दाबलेलं काय टिकलंय आजवर?"

"तरी पण."

"तरी पण काही नाही. प्रेसमध्ये घाला."

त्याने घातली. थंड प्रेस, पण दाब बोर्डाचा. दहा मिनिटांनी काढली तेव्हा स्पंज नव्हता. होता, पण पुठ्ठा होता. मी बॅट कानाशी धरून बोट मारलं. बद्द. मिस्त्री कानातला कापूस चाचपत भिंतीकडे बघत उभा. हसू दाबताना त्याचे खांदे हलतात, हे मला ठाऊक आहे.

तो पहिल्या दिवसापासून कानात कापसाचे बोळे घालतो. कापूस मिस्त्री हे नाव मीच ठेवलं. लाकूड सोलायचं यंत्र आणि दोन करवती सुरू असताना मालकाने कान बंद केले तर यंत्र काय बोलतंय ते कोण ऐकणार? मी कधी घातले नाहीत.

सात हजारांचे रबर केराच्या डब्यात. डब्यातसुद्धा आवाज न करता पडले.

९ मार्च

नवे रबर. पुन्हा सात हजार. या वेळी दुकानदारानेच चिकटवले: पातळ गोंद, तो वाळून पारदर्शक होईपर्यंत थांबला, मग लाटण्यासारखी नळी फिरवून बसवले आणि कडेने कापले. काम स्वच्छ होतं, हे कबूल करावंच लागेल. मी गप्प उभा राहून पाहिलं. गोंदाच्या बाबतीत मी गप्प उभा राहण्याची ही पहिलीच वेळ.

कानाशी धरून बोट मारलं. बद्द.

"ही पण पोकळ आहे," मी म्हणालो.

त्याने माझ्या हातातून घेतली, स्वतः मारून पाहिलं, माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाला, "काका, छान वाजतेय की."

विकणारा माणूस दुसरं काय म्हणणार?

१२ मार्च

सराव. आमच्या जेवणाच्या खोलीत टेबल आहे. मिस्त्री त्या साडेतीनशेच्या जुन्या बॅटीने खेळतो, जी मी गेल्या वर्षी 'बद्द झाली, तुम्हाला राहू द्या' म्हणून त्याला देऊन टाकली होती. त्याचे चेंडू टेबलावर. माझे खिडकीवर, पंख्यावर, एक डाळिंबाच्या रसाच्या पेल्यात. ही बॅट बंदुकीसारखी आहे, चेंडूला हात लावायचा अवकाश.

वाईट वाटतं ते हरण्याचं नाही. या बॅटीला जीव नाही. पूर्वी चेंडू टेबलावर पडला की टिक, बॅटीवर आला की टक, त्यावर पाय आपोआप हलायचे. आता चेंडू कापसात पडल्यासारखा येतो आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. चेंडूही हल्ली प्लॅस्टिकचे, पूर्वीसारखे नाहीत. हल्ली कशालाच आवाज राहिलेला नाही. घराची बेल मी या वर्षात दोनदा बदलली. दोन्ही मुक्या. बाहेर उभी राहून बायको मात्र म्हणते की तिने चार वेळा वाजवली.

संध्याकाळी माल पाहायला गेलो. मिस्त्रीने एका थप्पीतल्या एकेचाळीस बोर्डांवर खडूने फुल्या मारून ठेवल्यात. म्हणे आत सुटलेत. मी स्वतः एकेक ठोकला. मग फुली नसलेलेही ठोकले. सगळे एकसारखे वाजतात. मग हेच पोकळ कसे? म्हातारपणी माणूस भित्रा होतो. मी बाहीने फुल्या पुसल्या आणि माल धाडायला सांगितलं. लेक आता कार्यालय सांभाळते. ती काहीतरी बोलली. तोंडावर हात ठेवून बोलायची तिची ही सवय फार वाईट.

१६ मार्च

रंगवाल्याच्याच सल्ल्याने एका बाईंकडे गेलो. शाळेत खेळ शिकवतात, स्पर्धेत पंच असतात. त्यांनी दहा मिनिटं चेंडू मारून घेतले, मग माझी बॅट मागितली, उलटसुलट पाहिली आणि बाकावर ठेवली, तान्हं बाळ ठेवावं तशी.

"छान आहे. कोणासाठी घेतलीत?"

"माझ्यासाठी."

"तुम्ही हल्ला करणारे नाही आहात, काका. तुम्ही अडवणारे आहात. समोरच्याला चुकू देता. कसलेले आहात तसे."

लेकीच्या वयाच्या बाईने मला अडवणारा म्हणावं. मी धंदा उभा केला तो काय अडवून? पण मग विचार केला, तर खरोखर तसाच केला. समोरच्याला आधी भाव बोलू द्यायचा.

त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवतो, कारण ते बरोबर वाटलं आणि बरोबर वाटलं याचाच राग आला. बॅट नावासाठी घ्यायची नसते, हातासाठी घ्यायची असते. ज्याचा फटका अजून हुकतो त्याला जलद बॅट फक्त जलद हुकवते. माझ्यासारख्याला साधं लाकूड, पाच थरांचं, हलकं. स्पंज मऊ आणि पातळ, म्हणजे चेंडू क्षणभर हातात राहतो. मूठ हाताला भरेल तेवढीच. त्यांनी कपाटातून तसली एक काढली. बाराशे रुपये. पाच थर मी कडेने मोजले, मधला जाड, बाहेरचे पातळ, सांधा स्वच्छ. आमच्याच मालाचा धाकटा भाऊ. त्या बॅटीने वीसपैकी सतरा चेंडू टेबलावर पडले.

कानाशी धरून बोट मारलं. बद्द.

मी बाईंना सांगितलं की हिचे थर सुटलेत. त्यांनी मारून पाहिलं. मग माझ्या मागे जाऊन त्या काहीतरी करत होत्या. मी वळलो तर हातात टाळी थांबलेली.

"काय?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "काका, घरी कोण कोण असतं?"

भलतीच चौकशी. तरी बॅट घेतली. बाराशेची खरी किंमत घरी सांगितली, तर ही म्हणाली, "अठराशेवाली असताना?" खरं बोलल्याचाही उपयोग नाही.

१९ मार्च

बाराशेच्या बॅटीने मिस्त्रीला हरवलं. अडवून. बॅट बद्द आहे, खेळ बरा झाला. कसा ते कळत नाही. लिहायला आवडत नाही, पण झालं खरं.

२३ मार्च

स्पर्धा. आज हातात पेन धरायचीही इच्छा नाही, पण लिहिलं नाही तर उद्या मी हे वेगळंच आठवेन, एवढं मी स्वतःला ओळखतो.

शाळेचं सभागृह. शेवटचा सामना, समोर रंगवाला आणि त्याचा भट्टीवाला. पिशवीत दोन्ही बॅटी होत्या. रंगवाला म्हणाला, "ऐकलं, सोन्याची बॅट आणलीस. बघू तरी." झालं. मी बाराशेची आत टाकली आणि कार्बनची काढली. एका वाक्यावर. इतका स्वस्त माणूस मी बाजारात दुसरा पाहिलेला नाही.

पहिला डाव गेला. चेंडू लोकांत उडत होते. मी बाईंकडे गेलो, त्याच पंच होत्या. म्हणालो, बॅट बदलतो.

"मोडल्याशिवाय बदलता येत नाही, काका. नियम आहे."

क्षणभर मनात आलं, गुडघ्यावर घेऊन मोडावी. नऊ हजार आठशे आठवले.

दुसरा डाव मिस्त्रीने एकट्याच्या जिवावर काढला. तिसऱ्यात दहा-नऊ. ते पुढे. रंगवाल्याचा चेंडू माझ्या डावीकडे आला आणि टेबलाच्या काठाजवळून खाली गेला. मी म्हणालो, बाहेर. रंगवाला म्हणाला, काठाला लागला, म्हणजे आत. बाईंना दिसलं नव्हतं, मध्ये माझंच अंग होतं.

मी हात वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काठाला लागला असता तर मला ऐकू आलं नसतं का? मला?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, मानलं. मग मिस्त्री म्हणाला, हळू, पण हे मला ऐकू आलं, कारण तो अगदी जवळ होता.

"लागला, मालक. मी ऐकला."

अकरा-नऊ.

माझा माणूस. अठ्ठावीस वर्षं माझं मीठ खाल्लेला. भर सभागृहात. आणि रंगवाला हसला नाही. तो हसला असता तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. तो नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, आजारी माणसाला भेटायला आल्यासारखा. त्या हाताची अजून किळस येतेय.

२४ मार्च

मिस्त्रीला बोलावलं. लेक समोर होती. मी सांगितलं, उद्यापासून बोर्ड ठोकायला तुम्ही नकोत. चांगला माल पोकळ म्हणता, बाहेर गेलेला चेंडू आत म्हणता. तुमचे कान गेलेत. फाटकावर बसा, गाड्यांची नोंद ठेवा. पगार तोच.

 त्याने कानातले दोन्ही बोळे काढले, माझ्या टेबलावर ठेवले.

"फाटकावर नाही बसणार, मालक. घरी बसतो."

"मिस्त्री, पगार तोच म्हटलं ना."

"ऐकलं मी. मला ऐकू येतं." दारापर्यंत गेला आणि वळला. "त्या फुल्यांचे बोर्ड तुम्ही कापून बघा. एकेचाळीसातला एक जरी आतून भरीव निघाला, तर मी फाटकावर येऊन बसतो. पगार अर्धा द्या."

गेला. बोळे अजून टेबलावरच आहेत. घाणेरडे, पिवळे पडलेले. शिपायाला उचलायला सांगणार होतो, सांगितलं नाही.

२५ मार्च

मिस्त्री आला नाही.

लेकीला विचारलं, ते एकेचाळीस बोर्ड गेले ना? ती म्हणाली, नाही गेले. मिस्त्रींनी पुन्हा फुल्या मारून मागच्या शेडमध्ये ठेवलेत. मी धाडले नाहीत.

"कोणाला विचारून?"

"बाबा, मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं. तिथेच उभी राहून. दोनदा."

मला आठवत नाही. तिने सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.

"त्या बोर्डांची शाळेत बाकं होणार आहेत," ती म्हणाली. "मुलं बसणार त्यांच्यावर." या वेळी तिने तोंडावर हात ठेवला नव्हता. माझ्यासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करून बोलली, जशी लहान मुलांशी किंवा परक्यांशी बोलतात. असलं बोलणं मला मुळीच सहन होत नाही. पण शब्द सगळे कळले.

२८ मार्च

बायकांनी कट केला. ही आणि लेक मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. शाळेच्या बाईंचा त्यांना फोन गेला होता, हे मला आज कळलं.

काचेची खोली. कानांवर टोप्या. तंत्रज्ञ बाई म्हणाली, आवाज आला की बटण दाबा. मी वाट बघत बसलो. मध्येच जाड आवाज यायचे, दाबायचो. मग बराच वेळ काहीच नाही. मी हाताने खूण केली, यंत्र बंद पडलंय. काचेपलीकडे ती बटणं फिरवत होती, आणि तिच्या मागे ही उभी होती, आणि हिने पदर तोंडाला लावला.

डॉक्टर म्हणाले, जाड आवाज ठीक आहेत. बारीक आवाज गेले. चेंडूचा, बेलचा, बायकामुलांच्या बोलण्याचा. हळूहळू जातात, माणसाला पत्ता लागत नाही. काम कशात करता? मी सांगितलं. करवतीजवळ किती वर्षं? तेही सांगितलं.

"कानात कधी काही घालत होता?"

"नाही," मी म्हणालो.

घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही. किंवा बोलले असतील.

डॉक्टरांची यंत्रं काही वेदवाक्य नसतात. दुकानदार विकायला बसलाय तसा हाही बसलाय. कानात घालायच्या यंत्राच्या किमतीपुढे माझी बॅट भिकारी ठरेल. तिथेही तोच प्रश्न: साधं हवं की वरच्या फळीवरचं. मी म्हणालो, आधी मला एक गोष्ट बघू द्या.

३० मार्च

रविवार. कारखाना बंद. लेक माझ्याबरोबर आली, वही घेऊन. मी नको म्हणालो होतो.

जाताना मिस्त्रीकडे थांबलो. तो अंगणात, भिंतीवर चेंडू मारत होता, त्या साडेतीनशेच्या बॅटीने. मी जवळ गेलो तरी काही ऐकू आलं नाही. चेंडू भिंतीवर जात होता, परत येत होता, सगळं मुक्याने. मी त्याच्या हातातून बॅट घेतली आणि विचारलं, "मिस्त्री, खरं सांगा. ही बद्द आहे?"

"नाही, मालक."

"गेल्या वर्षी होती?"

"तेव्हाही नव्हती."

"मग घेतलीत कशाला? सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं," तो म्हणाला. मग थोडं मोठ्याने, माझ्या उजव्या बाजूला येऊन, "चांगली आहे, ठेवा म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, बरं, धन्यवाद."

हसायला आलं. गेले कित्येक महिने मी माणसांना काय काय उत्तरं दिली असतील.

"चला," मी म्हणालो. "कापायला."

"तुम्हीच कापा. मी आलो तर म्हणाल, मिस्त्रीने करवत फिरवली."

शेडमध्ये करवत लावली. सुरू करण्याआधी खिशातून ते दोन पिवळे बोळे काढले आणि कानात घातले. लेक बघत होती. काही बोलली नाही, बहुतेक.

पहिला कापला. थर सुटलेले, बोट आत जाईल एवढी फट. दुसरा तसाच. पाचव्याला मी स्वतःला म्हणालो, मिस्त्री माणूस आहे, कुठेतरी चुकला असेल. दहाव्यानंतर माझी खात्री होती की पुढचा भरीव निघेल. विसाव्यानंतर मी हात जोडायचा बाकी होतो. तिसाव्याला लेक म्हणाली असावी की पुरे, कारण तिने माझं मनगट धरलं. मी सोडवून घेतलं. अठ्ठावीस वर्षांत एकही नाही, हे मी ज्या सभांत उभा राहून सांगितलं त्यांतल्या खुर्च्या मला दिसत होत्या.

तीन वाजता संपलं. लेकीने वहीत आकडा लिहून वही माझ्यापुढे धरली.

कापले एकेचाळीस. पोकळ एकेचाळीस.